न उगवलेल्या रानाचा पंचनामा

संपादकांचा निरोप आला की नोकरीतले काही गमतीदार अनुभव लिहून पाठवा. दोन दिवस आठवून पाहिलं. गमती फारशा आठवल्या नाहीत. पाय दुखलेले आठवले, हुकलेल्या एस.ट्या आठवल्या, आणि एक वाक्य आठवलं. नोकरीभर मी ते इतक्यांदा ऐकलं की आता नांदेडच्या घरात निवांत बसलो असताना कुणी दारातून हाक मारली, तरी पुढं तेच वाक्य येणार असं वाटतं. "साहेब, उगवलं न्हाई."

मी शेतीखात्यात कृषी सहाय्यक म्हणून लागलो आणि जवळजवळ त्याच पायरीवरून उतरलो. मधे एक बढती मिळाली. तिनं खुर्ची दिली, पंखा दिला नाही. गाव माझं मुदखेडजवळचं, पण नोकरीची पहिली बरीच वर्षं उदगीर भागात गेली. आमच्याकडं तक्रारी नाना तऱ्हेच्या यायच्या. कीड पडली, पिवळं पडलं, डुकरांनी खाल्लं. पण न उगवल्याची तक्रार सगळ्यांत वाईट. कीड पडली तर दाखवायला कीड तरी असते. न उगवलेल्या रानात दाखवायला काहीच नसतं. काळी माती, तिच्यावर पेरणीच्या तिफणीच्या रेघा, आणि बांधावर आपल्या तोंडाकडं बघत उभी असलेली माणसं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खत म्हणजे पिकाचं अन्न, मग ते बियाला बाधेल कसं? धर्माबादकडच्या एका निवृत्त मास्तरांनाही असंच वाटलं होतं. त्यांनी हरभरा रात्रभर युरियाच्या पाण्यात भिजवून पेरला. एक दाणा वर आला नाही. मला म्हणाले, "गरोदर बाईला आपण सकस खायला घालतो की नाही?" मी म्हणालो, "गुरुजी, बी म्हणजे भाकरी बांधून गावाला निघालेला माणूस. त्याचं खाणं त्याच्या गाठोड्यात असतं. पहिले चार-पाच दिवस त्याला फक्त पाणी लागतं." लोणच्याच्या फोडींना मीठ चोळलं की फोडींचं पाणी सुटतं, तसंच काहीसं मातीत होतं. बियाला चिकटून खताचा दाणा पडला की आसपासची ओल तो स्वतःकडं ओढतो. वर युरिया असेल तर त्यातून उग्र वाफ सुटते, गोठ्यात डोळे चुरचुरतात तशी. कोवळा मोड तिनं करपतो. पाऊस चांगला असेल तर खत विरघळून लांब पांगतं आणि चूक झाकली जाते. ओल कमी असली की खत जागचं हलत नाही.

हे सगळं मला आज इतकं सोपं सांगता येतं. ज्या वर्षी सांगायला पाहिजे होतं, त्या वर्षी मी अर्धंच सांगितलं. त्याचीच ही हकिकत आहे.

लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. आमच्या कार्यालयातले छापील कागद अजून उस्मानाबादचेच होते. त्यावर काट मारून लातूरचा रबरी शिक्का उमटवायचा. नव्या जिल्ह्याला सगळंच नव्यानं करून दाखवायचं होतं. आमच्या खात्यानं ठरवलं, संकरित ज्वारीला पेरणीच्या वेळीच खत मिळालं पाहिजे. तोवर लोक खत द्यायचेच नाहीत, किंवा पीक गुडघ्याला आल्यावर वरून फेकायचे. मला आठ गावं दिलेली होती. प्रत्येक गावात सभा घ्यायची, तक्ते दाखवायचे आणि सह्या आणायच्या.

त्यातलं एक गाव उदगीरहून देगलूरच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून आत होतं. नाव लिहीत नाही, माणसं आहेत अजून. तिथं मठाच्या ओट्यावर मी सभा घेतली. माझ्याजवळ एक चांगला तक्ता होता. बी कुठं पडलं पाहिजे, खत त्याच्या दोन बोटं खाली आणि बाजूला कसं पडलं पाहिजे, मधे मातीचा थर कसा राहिला पाहिजे, असं रंगीत चित्र होतं. तो टांगायला ओट्याच्या भिंतीत खिळा नव्हता. परतीची एस.टी. पाचची होती आणि ती गेली तर मुक्काम करावा लागणार होता. मी तक्ता उलगडलाच नाही. उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "यंदापासून पेरणीबरोबर खत द्या. ज्वारी दीडपट येईल." माना हलल्या. मी सह्या घेतल्या आणि पळालो.

त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि ज्वारीही बरी आली. माझं कार्यालयात कौतुक झालं.

पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. मृग कोरडा गेला. त्यानंतर बऱ्याच उशिरा एक पाऊस झाला, तोही ढेकूळ फुटेल न फुटेल इतका. पण लोक इतके ताटकळले होते की दोन दिवसांत गावच्या गाव पेरून मोकळं झालं. आठव्या दिवशी उदगीरच्या बाजारातल्या एका बी-बियाण्यांच्या दुकानापुढं त्या गावची दहा-बारा माणसं जमली. त्यांच्या पुढं बसवंत नावाचा माणूस होता. त्यानं दुकानाच्या फळीवर बियाण्याची रिकामी पिशवी आपटली आणि ओरडला, "बोगस बी इकून राहिले तुमी! दुकान पेटवून दिऊ!"

दुकानदार शिवलिंगप्पा साठीचे होते. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणायचा. त्यांनी दुकान बंद केलं नाही. कार्यालयात निरोप पाठवला की तपास करा, बी वाईट निघालं तर मी पदरचं भरून देईन. आमच्या साहेबांनी मला पाठवलं.

बसवंताचं रान मी पाहिलं. ते खरं तर त्याचं एकट्याचं नव्हतं. थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि भावजय महानंदाबाई त्याच्याबरोबरीनं रान करत होत्या. तिफण बसवंतानं हाकली होती, चाड्यावर मूठ महानंदाबाईंनी धरली होती. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाडगं. त्यात मुठीनं बी सोडत चालायचं, ते नळ्यांतून जमिनीत उतरतं. मूठ सैल झाली तर दाट पडतं, आवळली तर विरळ. हे काम सगळ्यांना जमत नाही.

मी खुरपं मागितलं आणि तासाच्या, म्हणजे पेरलेल्या ओळीच्या, रेघेत उकरायला बसलो. बी सापडलं. कुजलेलं नव्हतं. फुगलेलं होतं, तोंड फुटून मोड बाहेर आला होता, आणि तो टोकाला विझल्या काडीसारखा तपकिरी झाला होता. भोवतीच्या मातीत पांढरट कण होते. असेच पाच ठिकाणी उकरले. सगळीकडं तेच. मग उठून पाहिलं तर बांधाकडच्या कडेला दोन तास हिरवे होते. चांगली बोटभर रोपं, एका ओळीत.

"हे दोन कसे उगवले?" मी विचारलं.

बसवंत म्हणाला, "नशीब."

महानंदाबाई बांधावर बसल्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, उन्हानं रापलेल्या. त्या म्हणाल्या, "तिथं खत सरलं व्हतं. नुसतं बी पेरलं."

मी त्यांच्याकडं वळलो. "म्हणजे बाकीच्या रानात खत बियातच मिसळलं होतं?"

"हाव. एकाच चाड्यात, संगंच."

"कुणी सांगितलं असं करायला?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मी थट्टा करतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं. "तुमीच की. मठाच्या वट्ट्यावर. पेरणीबरोबर खत द्या म्हनले. बरोबर म्हंजी संगंच न्हाई का?"

आमच्या कागदात 'बरोबर' म्हणजे त्याच वेळी. त्यांच्या कानात 'बरोबर' म्हणजे एकत्र. दोन्ही मराठीच. आदल्या वर्षीही निम्म्या गावानं तसंच केलं होतं, पावसानं ते धुऊन नेलं, आणि मी ते पाहायला गेलोच नव्हतो. उगवलेलं रान कोण उकरून बघतो?

तिथंच तोंड उघडायला पाहिजे होतं. उघडलं नाही. मी म्हणालो, "बियाणं तपासून बघू. मग बोलू."

महानंदाबाई उठून जवळ आल्या. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, खाली हात घातला आणि मूठभर माती माझ्यापुढं धरली. "साहेब, वरची चार बोटं वाळलीत. खाली आजून ओल हाय. घरात थोडं बी उरलंय. आज रान मोडून खोल पेरलं तर निम्मं तरी यील. तुमचा तपास व्हत राहील."

"पंचनाम्यावर साहेबांची सही होईपर्यंत रान मोडता येत नाही, बाई. रान हाच पुरावा आहे. मोडलं तर तक्रार बाद होते."

"किती दिस?"

"चार-पाच."

त्यांनी हातातली माती खाली सोडली. मला नियम माहीत होता आणि मी तो बरोबर सांगितला, एवढंच त्या वेळी माझ्याकडं होतं.

बी तपासायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी उलगडून मोजायचं. आप्पांच्या दुकानातून त्याच गोणीतलं बी मी सर्वांदेखत घेतलं. दोन गुंडाळ्या केल्या. एकीत नुसतं बी, दुसरीत बियाबरोबर थोडं खत. बसवंताला माझा भरवसा नव्हता. "साहेबानं आप्पाकडून काही घेतलं असंल," असं तो मला ऐकू जाईल असं बोलला. म्हणून गुंडाळ्या मठातच ठेवल्या, आणि पाणी घालायचं काम त्यालाच दिलं.

ते चार दिवस वारं सुटलं होतं. अशा दिवसांतलं वारं ओल कशी खातं, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्या गावात एक म्हातारा होता. त्याचंही उगवलं नव्हतं, पण त्यानं तक्रारीच्या कागदावर अंगठा द्यायचं नाकारलं आणि त्याच दिवशी रान मोडून पुन्हा पेरलं. मी रोज गावात जायचो तेव्हा वाटेत त्याची तिफण दिसायची. मी मान खाली घालून पुढं जायचो.

चौथ्या दिवशी ओट्यावर गाव जमलं. आप्पाही उदगीरहून आले, एकटेच, आणि खाली पायरीवर बसले. पहिली गुंडाळी बसवंतानंच उलगडली. पांढऱ्या मुळ्यांचं जाळं झालं होतं. मोजले, शंभरातले अठ्ठ्याऐंशी उगवले होते. दुसरी उलगडली. फुगलेले दाणे, तपकिरी टोकं, आणि नाकात जाणारा वास. तिच्यात पुरते नऊसुद्धा नव्हते.

आप्पांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, बहुतेक देवालाच. गर्दीतला कुणीतरी म्हणाला, "बी तर चोख हाय की." बसवंत उभा राहिला. चार दिवस त्यानं त्या गोणपाटाला लेकरासारखं पाणी घातलं होतं. त्याचा सगळा राग आता वाट शोधत होता, आणि ती त्याला घरातच सापडली.

"म्हंजी बी चांगलं," तो म्हणाला. "मग हिच्या मुठीतच खोट. मी म्हनलंच व्हतं. धनी गेल्याल्या बाईनं चाड्यावर मूठ धरू न्हाई म्हून."

दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान हलवली, होकारार्थी. महानंदाबाई बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. त्यांनी पदर पुढं ओढला नाही की काही नाही. फक्त हात पाठीमागं घेतले.

त्या हातांकडं बघून मी बोललो. धाडस वगैरे नव्हतं. खरं सांगायचं तर चार दिवसांत मी आतून इतका थकलो होतो की गप्प राहण्याचंही बळ उरलं नव्हतं.

"मुठीचा काही दोष नाही," मी म्हणालो. "ज्या दोन तासांत खत नव्हतं ते त्याच मुठीनं पेरले, आणि ते उगवलेत. मूठ चांगली होती. बी चांगलं होतं. सांगणारा चुकला. पेरणीबरोबर म्हणजे बियात मिसळून नाही, खाली आणि बाजूला, असं मी सांगायला पाहिजे होतं. चित्र माझ्या पिशवीत होतं. मी ते काढलं नाही. मला गाडी गाठायची होती."

कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. बसवंत गोणपाट हातात घेऊन तसाच बसला. महानंदाबाई पुढं आल्या.

"आता सांगून काय उगवंल, साहेब?" त्या म्हणाल्या, आणि घराकडं गेल्या.

मी कार्यालयात आलो आणि पंचनाम्याच्या शेऱ्यात लिहिलं की खत बियाण्यात मिसळल्याने उगवण झाली नाही, आणि तसे करण्यास खात्याच्या सभेतील अपुरी सूचना कारणीभूत आहे. आमच्या साहेबांनी ते वाचलं. वाईट माणूस नव्हता तो. चष्मा काढून म्हणाला, "दुसरं वाक्य काढा. नवा जिल्हा आहे. आपल्या पहिल्याच मोहिमेवर आपणच डाग लावायचा? तुमच्या नोकरीचंही बघा, अजून कायम झाला नाहीत."

मी ते वाक्य काढलं. नवीन कागद घेतला, उस्मानाबादवर काट मारली, शिक्का उमटवला आणि एकच वाक्य लिहिलं: शेतकऱ्याने खत बियाण्यात मिसळल्याने उगवण झाली नाही. सही केली. ओट्यावर जे बोललो ते वाऱ्यावर गेलं, कागदावर जे राहिलं ते हे. आजही कुठल्या तरी कपाटात ते तसंच असेल.

गावानं दुसऱ्या दिवशी रानं मोडली आणि उरलंसुरलं बी पेरलं. महानंदाबाईंनीही पेरलं. खालची ओल तोवर गेली होती. चार दिवस आधी पेरलेल्या त्या म्हाताऱ्याला निदान गुरांपुरता कडबा झाला. महानंदाबाईंना तेवढाही झाला नाही. त्यांनी दोन्ही बैल बहिणीच्या गावी चाऱ्याला धाडले. परतीचा पाऊस थोडा आला तेव्हा त्या रानात करडई टाकली, खताशिवाय. ती बेताची आली.

मी त्या गावी माझ्या ठरलेल्या वारी जातच राहिलो. जाणं भागच होतं. लोक बोलायचे, पण माझ्या हातातल्या कागदांकडं बघायचे नाहीत. मी उदगीरच्या एका सुताराला गाठलं आणि तिफणीवर दुसरं चाडं बसवून घेतलं. त्याच्या नळ्या वेगळ्या, जमीन चिरणाऱ्या दाताच्या पुढं, खोल उतरणाऱ्या. खत आधी खाली पडायचं, त्यावर माती सरायची, मग मागून वर बी. अशा तिफणी दुसरीकडं होत्याच, मी काही शोध लावला नाही. पण त्या गावात नव्हती. ती मी मठापुढं नेऊन ठेवली. महिनाभर तिला कुणी हात लावला नाही. लेकरं तिच्यावर बसून खेळायची.

पुढच्या वर्षी वेळेवर पाऊस झाला. दोन दिवसांनी माझी फेरी होती. गावात शिरताच महानंदाबाई वाटेत उभ्या दिसल्या.

"ती दोन चाड्याची तिफण नेलीय रानात," त्या म्हणाल्या. "चला."

"मी कशाला?"

"बियाची मूठ मी धरीन. तिफण बसवंता हाकंल. पर तो म्हन्तो खताला हात लावनार न्हाई. गावात कुनीच लावंना. मग खताची मूठ कोन धरनार?"

मी पिशवी बांधावर ठेवली, चपला काढल्या, विजारीचे पाय वर दुमडले. बसवंतानं माझ्याकडं पाहिलं आणि बैलांना हाक दिली. खत पेरण्याचे तक्ते मी गावोगाव दाखवले होते. मूठ त्या दिवशी पहिल्यांदा धरली. चालता चालता मनगट सारखं हलवत ठेवायचं, पाय ढेकळांत अडकतात, मूठ घामेजते आणि घामानं खत पाणी धरून तळहाताला चिकटतं. दुपारपर्यंत बोटांच्या बेचक्या सोलवटून निघाल्या. महानंदाबाईंची मूठ शेजारी चालली होती, पाण्याच्या धारेसारखी सारखी. मधेच त्या म्हणायच्या, "साहेब, लई पडालंय," किंवा "साहेब, तुमचं थांबलं." शेवटचा तास संपला तेव्हा मला पाठ सरळ करता येईना. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. एस.टी. कधीच गेली होती.

पाचव्या दिवशी रान उगवलं, कडेपासून कडेपर्यंत. महिन्या-दीड महिन्यात ज्वारी कमरेला आली, आणि मग ते लांबूनसुद्धा दिसायला लागलं. उभं पीक एकसारखं दाट होतं, पण रंग एकसारखा नव्हता. जिथं माझी मूठ सैल झाली होती तिथं गर्द काळपट हिरवं, जिथं मी थांबलो होतो तिथं फिकट पिवळं, साऱ्या रानभर पट्टेच पट्टे. देगलूरला जाणारे लोक विचारायचे, हे असं काय पेरलंय? महानंदाबाई म्हणायच्या, "बी आमी पेरलंय. खत साहेबांनी."